दोन पाय, एक हात आणि घमेलं

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात आणि आमच्या सोलापुरात बांधकामांच्या परांच्या उभ्या राहायला लागतात. पावसाळाभर अंगावर शेवाळ घेऊन बसलेल्या अर्धवट इमारती जाग्या होतात. सकाळच्या हवेला थोडी बोच असते, ऊन अजून सोसण्यासारखं असतं, आणि कुठल्या ना कुठल्या गल्लीतून लोखंडी पाईप एकमेकांवर टाकल्याचा खणखणाट येतो. कुणाला थंडी हुरड्यानं कळते, कुणाला ओठ फुटल्यानं. मला त्या आवाजानं कळते.

परवा शुक्रवार पेठेतल्या आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पाईपांचा ढीग पडला. दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेत सोडायला निघाले, तर परांचीचा पहिला टप्पा बांधून तयार. मी स्कूटी थांबवली. बाकीचे लोक परांची दिसली की वर बघतात. मी खाली बघते. उभे पाईप थेट मातीवर टेकवलेले होते.

"आई, शाळा," मागून लेक म्हणाली. तिला आता माझी सवय झाली आहे.

येताना मात्र थांबलेच. पाना घेऊन क्लॅम्प आवळत असलेल्या माणसाला म्हटलं, "दादा, पाईपांखाली फळ्या घाला की. नुसत्या मातीत रुततील."

त्यानं मला एकदा नीट बघून घेतलं. "तुमचं घर हाय का हे?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर रस्त्यात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. मी नुसती हसले. तो काहीतरी पुटपुटत आतून दोन फळ्या ओढून घेऊन आला. घरी आले, चहा ठेवला, आणि चहा उकळून अर्धा होईपर्यंत मी त्या एका हिवाळ्यात जाऊन आले.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. स्थापत्यचा डिप्लोमा संपवून मी पहिल्यांदा साइटवर गेले तो हिवाळा. शहराबाहेर, मंगळवेढ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला मुलींच्या वसतिगृहाची चार मजली इमारत उभी राहत होती. विटकाम झालं होतं, बाहेरून प्लास्टर व्हायचं होतं. ठेकेदार बिराजदार साहेब. त्यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "वर चढायला भीती वाटते का?" मी म्हणाले, नाही. ते खोटं होतं. तोवर मी चढलेली सगळ्यांत उंच जागा म्हणजे आमच्या घरावरची पाण्याची टाकी, आणि तिथूनही मला वडिलांनी हाताला धरून उतरवलं होतं.

काम साधं वाटत होतं. वसतिगृह बांधून घेणाऱ्या संस्थेनं अट घातली होती की रोज सकाळी कुणीतरी परांची तपासायची आणि वहीत सही करायची. सगळं ठीक असेल तर शिडीपाशी हिरवी पाटी लावायची, नसेल तर लाल. लाल पाटी असली की कुणीही वर जायचं नाही. "सही करायची, पाटी लावायची. बाकी काय नाही," साहेब म्हणाले. लाल पाटी तोवर कुणी वापरलेली नव्हती. तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

घरी सगळ्यांना आनंद झाला. वडील रेल्वेत फिटर होते. त्यांनी कपाटातून आपला एक जुना पाना काढून दिला. आईनं डबा हातात दिला आणि म्हणाली, "वर चढू नको. खालूनच बघत जा की, दिसतंय सगळं."

साइटवर मला पहिल्यांदा भेटले ते ईरण्णा मामा. परांची बांधणारे. अक्कलकोटकडचे, घरी कानडी, कामावर मराठी, आणि चिडले की दोन्ही. त्यांचं आयुष्य बांबू आणि काथ्याच्या दोरानं परांच्या बांधण्यात गेलं होतं. लोखंडी पाईप गेल्या काही वर्षांतले. बांबूबद्दल ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे, पाईपबद्दल जावयासारखं. तक्रार नव्हती, पण जवळीकही नव्हती.

त्यांनी माझी ओळख विचारली नाही. माझ्या ओढणीकडं बघितलं आणि म्हणाले, "अव्वा, हे घरी ठिव. पाईपाला अडकलं तर तू एकीकडं आनि तोल एकीकडं."

'अव्वा' हा शब्द त्यांच्याकडं आईला वापरतात आणि लाडानं पोरीबाळींनाही. मला त्या दिवशी तो कुठल्या अर्थानं होता कळलं नाही. ओढणी मात्र काढून डब्याच्या पिशवीत घातली.

पहिल्या चढाईत मी दुसऱ्या टप्प्यावर गोठले. गोठले हा शब्द खराच आहे. नोव्हेंबरची सकाळ होती आणि पाईप बर्फासारखा गार लागत होता. (तोच पाईप दुपारी हात भाजायचा. सोलापूरची थंडी दहा वाजता संपते.) खाली वाळूचा ढीग ताटातल्या भाताएवढा दिसत होता. पायाखालची फळी हलतेय असं मला वाटलं. मामा वर आले. हसले नाहीत.

"खाली बगू नको. वरबी बगू नको. तुजा हात कुटं हाय ते बग."

मी हाताकडं बघितलं. हात पाईपवर होता.

"हाय का धरलेला?"

"हो."

"पाय?"

"दोन्ही फळीवर."

"मग झालं की. दोन पाय आनि एक हात, न्हायतर दोन हात आनि एक पाय. मानूस तीन ठिकानी धरलेला पायजे. मग चौथं हालवायचं. देवानं चार दिलेत ते त्यासाटी."

मी चौथं हलवलं. मग परत चौथं. अशी मी खाली आले, आणि दुपारी परत वर गेले.

त्या दीड-दोन महिन्यांत मी जे शिकले ते तीन वर्षांच्या डिप्लोमात नव्हतं. शिडी किती तिरकी लावायची हे मला पुस्तकातल्या अंशांत माहीत होतं. मामा शिडीच्या पायाला चवडे टेकवून ताठ उभे राहायचे आणि दोन्ही हात सरळ पुढं करायचे. तळवे पायरीला टेकले की शिडी बरोबर. शिडी वरच्या फळीच्या पुढं कमरेएवढी तरी निघालेली हवी, नाहीतर वर पोचलेल्या माणसाला धरायला काही उरत नाही, हे त्यांनी मला एकदा शिडी कापून ठेवलेल्या जागी नेऊन दाखवलं. "हितं मानसानं काय धरायचं? वारं?" टोकाला बांधलेली नसलेली फळी म्हणजे सापळा. फळीच्या काठाला बोटभर उंच पट्टी तरी ठोकलेली हवी, कारण गवंड्याच्या हातून घसरलेली थापी खालच्या माणसाचं डोकंच शोधत जाते. आणि क्लॅम्प सैल आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. पाईपवर पाना वाजवायचा. घट्ट असेल तर आवाज लांब जातो, सैल असेल तर जागेवरच मरतो. वडिलांचा पाना रोज सकाळी सगळ्या इमारतीभर वाजायचा. कामगार म्हणायचे, म्याडमची पूजा चाललीय.

चौथ्या टप्प्यावर गेलं की एका बाजूला शहर दिसायचं, जुन्या गिरण्यांच्या चिमण्यांसकट. दुसऱ्या बाजूला मंगळवेढ्याकडची ज्वारी. नोव्हेंबरात ती गुडघ्याएवढी होती, मग पुरुषभर झाली, मग कणसं भरली. मी महिने त्या शेतांवरून मोजत होते. दुपारी सावलीत सगळ्यांच्या भाकऱ्या सुटायच्या, कुणाची मऊ, कुणाची कडक. शेंगाचटणीचा वास ओल्या सिमेंटच्या वासात मिसळायचा. आजही तो मिश्र वास कुठं आला तर मला भूक लागते.

आई रोज विचारायची, "वर चढली नाहीस ना?" मी म्हणायचे, नाही. घरी आणि साइटवर दोन्हीकडं खोटं बोलून माझी नोकरी छान चालली होती.

मग एका सोमवारी मी भाषण केलं. मोठ्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'दोन पाय, एक हात', आणि सगळ्यांना रांगेत उभं करून समजावून सांगितलं. शिडीवर तीन ठिकाणी शरीर टेकलेलं हवं. मला ते बरंच जमलं असं वाटत होतं.

रांगेत कस्तुराबाई होत्या. मंगळवेढ्याजवळच्या एका गावच्या. चाळिशीच्या आसपास, बारीक, काटक. ज्वारी पेरून झाली की काढणीपर्यंत त्या सोलापुरात बहिणीकडं राहून बिगारी काम करायच्या. खाली कालवलेला सिमेंट-वाळूचा मसाला घमेल्यात भरायचा, घमेलं डोक्यावर घ्यायचं आणि शिडीनं वर गवंड्याला नेऊन द्यायचं. अशा सहा बायका होत्या. आतला जिना होता, पण त्याला फरशी बसत होती म्हणून तो बंद होता.

"म्याडम, एक इच्यारू का?"

"विचारा की."

"दोन पाय शिडीवर. एक हात शिडीला. दुसरा हात घमेल्याला. बराबर?"

"बरोबर."

"मग शिडीचा हात वरच्या पायरीला न्याचा म्हनल्यावर तो सुटला का न्हाय? आनि पायबी उचलला. मग ऱ्हायलं किती?"

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की मला उत्तर येत नाही.

त्या दिवशी मी पाना बाजूला ठेवला आणि नुसती शिडीकडं बघत बसले. कस्तुराबाई वर चालल्या होत्या. डाव्या हातानं घमेलं सावरलेलं, साडीचा काठ कमरेत खोचलेला. प्रत्येक पायरीला एक क्षण असा यायचा की उजवा हात शिडी सोडून वर जायचा आणि त्याच वेळी पायही उचललेला असायचा. त्या क्षणी एवढ्या वजनासकट ती बाई एका पायावर उभी असायची. प्रत्येक पायरीला तो क्षण, प्रत्येक खेपेला तेवढ्या पायऱ्या, दिवसभर. आणि मी दीड महिना रोज सकाळी सही करून हिरवी पाटी लावत होते. पाईप बरोबर होते, फळ्या बरोबर होत्या, शिडीचा कल बरोबर होता. फक्त ती शिडी मोकळ्या हाताच्या माणसासाठी होती, आणि तिच्यावरनं चढणाऱ्या बायकांचे हात मोकळे नव्हते.

मी साहेबांना सांगितलं, मसाला वर ओढायला कप्पी लावा, आणि माणसांसाठी परांचीलाच पाईपांचा जिना बांधू. रुंद पायऱ्या, दोन्हीकडं धरायला दांडे. साहेबांनी ऐकून घेतलं. "चार महिन्यांच्या कामाला जिना?" म्हणाले. "कप्पी लावतो. ती बरी कल्पना आहे."

दोन दिवसांत कप्पी लागली. मी घरी जाऊन आईला पेढे दिले. कशाचे ते सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सहांपैकी चार बायका आल्या नाहीत. मी कस्तुराबाईंना विचारलं. त्या बादलीत मसाला भरत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "कप्पी आली न्हवं. आता दोघी पुरं म्हनले साहेब."

त्यांनी बादली दोराला अडकवली, हाताची माती झटकली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, तसा राग असता तर बरं झालं असतं.

"म्याडम, तुमी आमाला पडन्यापासनं वाचवलं. चांगलं केलं. आता घरी बसवलं."

त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला. आई म्हणाली, "भाजी आवडली नाही का?" मी म्हणाले, आवडली.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून कस्तुराबाईंना विचारलं, मी काय करू. त्या म्हणाल्या, "बिगारी म्हनून कितीबी दिस ठेवलं तरी कप्पी येनारच की कुटं ना कुटं. माज्या हातात थापी द्या. मला वरचं काम शिकू द्या."

मी ते साहेबांना सांगितलं. साहेब मोठ्यानं हसले. वाईट हसले नाहीत, कुणी विनोद सांगितल्यावर हसतात तसे. "प्लास्टर करणारी बाई बघितलीय का कुठं?" मी बघितली नव्हती. विषय तिथंच राहिला.

आणि मग अवकाळी आला.

फेब्रुवारी सरत आला होता. ज्वारी पिवळी पडली होती. दुपारी चार वाजता पश्चिमेकडून आभाळ काळं झालं, वाऱ्यानं आधी रिकाम्या सिमेंटच्या पिशव्या उडवल्या, मग पत्रे वाजवले, आणि मग बोराएवढ्या गारा पडल्या. आम्ही सगळे तळमजल्यात घुसलो. तासभर परांची शिट्ट्या मारत होती. पाईपांच्या तोंडात वारं शिरलं की तसा आवाज येतो. संध्याकाळी सगळं थांबलं.

सकाळी गेले तर इमारत धुऊन ठेवल्यासारखी लख्ख. आठ गवंडी कंबर कसून तयार होते. उद्घाटनाची तारीख ठरली होती, मागची भिंत अजून राहिली होती, आणि आदल्या दिवसाचं काम बुडालं होतं. मी परांचीकडं बघितलं. सगळे पाईप उभे होते. मी खाली बघितलं. आमच्याकडची काळी माती कोरडी असताना दगडासारखी असते आणि भिजली की तिचं काय होतं हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. चप्पल तिच्यात ठेवून पाय तेवढा घरी येतो. मी पाटीवरचं प्लास्टिक काढलं आणि लाल पाटी लावली.

साहेब आले. "काय झालं? सगळं जागेवर दिसतंय की."

"दिसतंय साहेब. अजून बघितलं नाही."

"कितीसा वेळ?"

"सगळं हातानं बघून होईपर्यंत."

गवंडी कुरकुरले. पण मला भीती होती ती मामांची, आणि तसंच झालं. ते पुढं आले. आवाज चढवला नाही. "अव्वा, हे मी बांधलेलं हाय. आजवर माज्या परांचीवरनं मानूस पडला न्हाय."

त्यांच्याकडं बघून लाल पाटी काढून टाकावी असं मला खरंच वाटलं. ज्या माणसानं मला चढायला शिकवलं त्याच्याच कामावर मी लाल पाटी लावली होती. कसंबसं म्हणाले, "मामा, तुम्ही बांधलंय म्हणून तुम्हीच बघा. मी फक्त मागं येते."

त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला, कमरेला पट्टा बांधला आणि निघाले. मी मागं. पुढची बाजू ठीक होती. डावी बाजू ठीक होती. पाना वाजत होता, आवाज लांब जात होता. खालचे गवंडी आता उघड हसायला लागले होते. मग आम्ही मागच्या कोपऱ्याला वळलो. गच्चीवरच्या पाण्याचा पाईप तिथं मोकळा सोडलेला होता, आणि आदल्या दिवशी सगळं पाणी तिथंच कोसळलं होतं.

मामा म्हणाले, "निल्लू." थांब. मी थांबले.

कोपऱ्यातल्या तीन उभ्या पाईपांखालची माती वाहून गेली होती. खालची फळी अर्धी हवेत होती. ते तीन पाईप जमिनीवर उभे नव्हते, वरनं लोंबकळत होते. मामांनी वर बघितलं. परांची भिंतीला जिथं बांधून घेतलेली असते तिथल्या दोन पकडी भिंतीतून निसटल्या होत्या. भिंत आणि पाईप यांच्यात फट होती. मामा शिडीला न शिवता आतल्या बंद जिन्यानं वर जाऊन खिडकीतून तिथवर पोचले आणि त्या फटीत हात घातला. सगळा पंजा आत गेला. बराच वेळ त्यांनी तो तसाच ठेवला. राहिलेली भिंत तीच होती. आठ गवंडी त्या सकाळी तिथंच उभे राहणार होते.

ते खाली आले, वाळूच्या ढिगावर बसले, पाणी प्यायले. सगळे भोवती जमले होते. साहेब कोपरा बघून आले. मामाच बोलले.

"साहेब, पाटी बराबर हाय. माजी गाठ चुकली न्हाय, माती चुकली. पन मातीलाबी मीच इच्यारायला पायजे होतं."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पाना घे तुजा."

दोन दिवस काम बंद राहिलं. कोपरा खणला, मुरूम भरून धुमसला, रुंद फळ्या टाकल्या, पकडी नव्यानं बसवल्या, गच्चीच्या पाण्याला लांब वाट करून दिली. साहेब दोन्ही दिवस तिथं खुर्ची टाकून बसले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "अजून काय राहिलंय का?"

"जिना," मी म्हणाले. "आणि त्या चार बायका. भिंतीवर पाणी मारायला माणसं कमीच आहेत. आणि कस्तुराबाईंचं थापीचं."

"एकदम तीन?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

या वेळी ते हसले नाहीत. "जिना बांधा. बायकांना निरोप द्या. थापीचं मिस्त्रीला विचारा, तो हो म्हणाला तर माझी हरकत नाही."

जिना मामांनी बांधला आणि मनापासून बांधला. रुंद पायऱ्या, प्रत्येक टप्प्यावर टेकायला जागा, दोन्हीकडं दांडे. चौघी परत आल्या त्या सकाळी सहाही बायका त्यावरून पहिल्यांदा वर गेल्या. डोक्यावर काही नव्हतं, दोन्ही हात रिकामे होते, आणि त्या हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. एकीनं दोन्ही दांडे गच्च धरले होते, एसटीत उभं राहिल्यासारखे. एक जण मध्येच उभी राहून हसत सुटली आणि बाकीच्यांना तिला पुढं ढकलावंसं वाटेना. कस्तुराबाई थेट वरपर्यंत गेल्या आणि कठड्याला धरून मंगळवेढ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"गाव दिसतंय का?" मी विचारलं.

"न्हाय. दिशा तेवढी दिसती." मग म्हणाल्या, "लई इमारतींवर चढले म्याडम. कुटनं काय दिसतंय ते कधी बगितलं न्हाय. डोक्यावर घमेलं असल्यावर मान कुटं वळती?"

राहता राहिले रशीद मिस्त्री. गवंड्यांचे म्होरके, पांढरी दाढी, कमी बोलणारे. मी विचारलं तेव्हा त्यांनी हो-नाही काही म्हटलं नाही. कस्तुराबाईंना मागच्या कुंपणाच्या भिंतीपाशी नेलं, थापी दिली आणि दखनीत म्हणाले, "मेरे कू सिखाना नइ आता. तू कर, मैं देखतौं."

कस्तुराबाईंनी थापीवर मसाला घेतला आणि भिंतीवर मारला. निम्मा खाली पडला. दुसऱ्यांदा थोडा कमी. चौथ्या खेपेला चिकटला. मग त्यांनी लाकडी रंध्यानं तो पसरवला, आणि मिस्त्री दोन पावलं पुढं आले. घरच्या मातीच्या भिंती लिंपून, जमिनी सारवून तयार झालेला तो हात होता. कुठं दाबायचं आणि कुठं सोडायचं हे त्याला आधीच ठाऊक होतं. मिस्त्रींनी भिंतीवरून बोट फिरवलं. "ठीक है," म्हणाले. त्यांच्या तोंडून गवंड्यांनी हे दोन शब्द वर्षातून एखाद्या वेळी ऐकले असतील.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत कुंपणाची भिंत थोडी थोडी पुढं सरकत गेली. आम्ही भाकरी खात बघायचो. कुणी चेष्टा केली की कस्तुराबाई मागं न वळता म्हणायच्या, "तुमच्या घरची भिंत कोन सारवतंय ते इच्यारा आदी."

त्या वसतिगृहावरून मी अजूनही कधीकधी जाते. खिडक्यांत पुस्तकं दिसतात, गजांना रुमाल वाळत असतात, संध्याकाळी मुली गच्चीत अभ्यास करत फिरतात. बिराजदार साहेबांकडं मी पुढं पाच वर्षं काम केलं, आणि आईला मी रोज वर चढायचे हे माझ्या लग्नात ईरण्णा मामांनी सांगितलं, तेही जेवणाच्या पंगतीत. तिनं वाढता वाढता माझ्याकडं असं बघितलं की मी एक जिलबी जास्त खाल्ली.

पण मला तो हिवाळा आठवतो तो त्याच्या शेवटच्या दिवसांसाठी. परांची बांधताना खालून वर जाते, सोडताना वरून खाली येते. भिंतीला धरून ठेवणारी एकेक पकड काढली की तिथं मुठीएवढं भोक उरतं. तो टप्पा उतरवायच्या आधी ते भरायचं असतं, कारण नंतर तिथं पोचायला काही नसतं. म्हणजे एकच संधी. सबंध इमारतीला अशी कितीतरी भोकं होती. मिस्त्री वर बघून म्हणाले, "ये कस्तुराबाई भरेगी."

तीन दिवस त्या वर होत्या. पट्टा कमरेला, त्याचा आकडा पक्क्या पाईपला, मी आणि मामा शेजारी. मामा पकड काढायचे, कस्तुराबाई भोक ओलं करायच्या, मसाला आत दाबायच्या, थापीनं सपाट करायच्या आणि ओल्या स्पंजानं भोवतीच्या भिंतीशी मिळवून टाकायच्या. मग आम्ही सगळे एक टप्पा खाली. शेवटचा पाईप आडवा झाला तेव्हा इमारत एकदम उंच वाटायला लागली, आणि तिच्यावर नुकत्याच भरलेल्या भोकांचे ओले काळसर ठिपके होते.

भिंत वाळायला आठ दिवस गेले. कस्तुराबाई काढणीला गावी निघाल्या होत्या, पिशवी भरून साइटवर निरोप घ्यायला आल्या. रंगारी अजून यायचे होते. उन्हात सगळी भिंत एकसारखी करडी दिसत होती. त्या आमच्या तिघांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुटं होती भोकं? दावा बगू."

मिस्त्रींनी डोळे बारीक केले. मी खालपासून वरपर्यंत शोधलं. ईरण्णा मामांनी तर एकूण एक पकड आपल्या हातानं बसवली होती आणि आपल्या हातानं काढली होती. त्यांनी बोट वर केलं, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडं नेलं, तिथून थोडं डावीकडं नेलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि मग खाली घेतलं.